धोपावे-दाभोळ फेरीबोटीने गाडी नेताना : तिथी, उतार आणि सावधगिरी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरच्या अखेरीस विट्याहून आठ जणांचे कुटुंब गुहागरला जाणार आहे आणि तेथून दापोली-हर्णै करून परतणार आहे. सोबत एक सेडान, एक सात आसनी गाडी आणि पुतण्याची मोटारसायकल आहे. आपल्या आई ऐंशीच्या घरात असून त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. कुटुंबातील कोणीही आजवर गाडी बोटीवर चढवलेली नाही. अशा वेळी धोपावे-दाभोळ फेरीबोटीने खाडी ओलांडावी की चिपळूण-खेडवरून रस्त्यानेच फिरून जावे, असे आपण विचारले आहे, आणि सेडानचा खालचा भाग घासेल ही आपली मुख्य भीती आहे. मी अनेक वर्षे साताऱ्याहून प्रवासी गाड्या कोकणात नेतो आणि नव्या चालकांना त्या रस्त्यांसाठी तयार करतो. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे आहे की आपण फेरीबोटीनेच जावे, तिन्ही वाहने न्यावीत आणि आईंनाही निःशंकपणे न्यावे. मात्र खाडी ओलांडण्याची वेळ मुक्कामाच्या सोयीने न ठरवता भरती-ओहोटी पाहून ठरवावी. पाण्यावरचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि त्यात चालकाला काहीच करायचे नसते. गाडीची खरी परीक्षा बोटीवर चढताना आणि उतरताना, मोजक्या मिनिटांत होते. ती मिनिटे सोपी जाणार की अवघड, हे बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते.

आधी जागा समजून घेऊ. विट्याहून कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण असा जो रस्ता जातो, तोच आपल्याकडे गुहागर-विजापूर रस्ता म्हणून ओळखला जातो आणि तो गुहागरला समुद्राजवळ संपतो. गुहागरच्या उत्तरेला वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या दक्षिण काठावर गुहागर तालुक्यातील अंजनवेल आणि थोडे आत धोपावे आहे, तर उत्तर काठावर दापोली तालुक्यातील दाभोळ आहे. समोरचा काठ डोळ्यांना स्वच्छ दिसतो. तरीही बोट नसेल तर तेथे पोहोचण्यासाठी चिपळूणला मागे येऊन खेड आणि दापोली गाठावे लागते आणि तो फेरा शंभर किलोमीटरहून जास्त होतो. ही अडचण ओळखून २००३ साली सुवर्णदुर्ग शिपिंग अँड मरीन सर्व्हिसेस या संस्थेने येथे वाहने नेणारी फेरीबोट सुरू केली. पुढे तशाच फेऱ्या वेश्वी-बागमांडले, तवसाळ-जयगड आणि दिघी-आगरदांडा येथेही सुरू झाल्या. सातारा जिल्ह्यातील वाचकांसाठी येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. कोयनेच्या शिवसागर जलाशयातील जे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवले जाते, ते पोफळी आणि कोळकेवाडीच्या वीजगृहांतून वाशिष्ठीला मिळते आणि याच मुखातून समुद्रात जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने या कामासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी मंजूर केले आहे. त्यामुळे चिपळूणजवळ नदीची पातळी वीजनिर्मितीनुसार बदलत राहते. दाभोळच्या मुखाशी मात्र, पावसाळ्यातील पूर सोडला तर, सत्ता भरती-ओहोटीची असते.

सातारा-सांगलीच्या चालकांच्या मनात या बाबतीत एक गैरसमज असतो आणि तो तापोळा-बामणोलीमुळे झालेला असतो. शिवसागरवर तराफ्यावरून जीप किंवा मोटारसायकल नेलेली असली की खाडीची फेरीबोटही तशीच असेल, असे वाटते. जलाशयाची पातळी पावसाळ्यानंतर उन्हाळ्यापर्यंत महिनोन्महिने सावकाश उतरते. आज जेथे तराफा लागला तेथेच तो उद्याही जवळपास लागतो. खाडीमुखात मात्र पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. उधाणाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साधारण दोन ते अडीच मीटरचा फरक पडतो, म्हणजे माणूस बुडेल इतके पाणी सहा तासांत येते किंवा जाते. सकाळी ज्या धक्क्यावरून गाडी सहज चढली, त्याच धक्क्यावर संध्याकाळी वेगळ्याच उतारावरून आणि वेगळ्याच पृष्ठभागावरून जावे लागते.

भरतीची वेळ काढण्यासाठी कोकणातील मच्छीमारांचा एक जुना आडाखा आहे आणि तो आपल्यासारख्या घाटावरच्या माणसाने पाठ करून ठेवण्यासारखा आहे. ज्या दिवशी जायचे त्या दिवसाची तिथी दिनदर्शिकेत पाहावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी साडेतीनच्या आसपास भरती येते. अष्टमीला सहा वाजता, तर पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी सव्वाअकरा आणि रात्री त्याच सुमारास भरती येते. या आडाख्याला खगोलशास्त्राचा आधार आहे. चंद्र दररोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात आणि त्या दोहोंच्या मध्यावर, म्हणजे भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास, पूर्ण ओहोटी असते. आडाख्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक होऊ शकते, म्हणून मोबाइलवर रत्नागिरीचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिलेले अधिक चांगले. पण दिवसाचा आराखडा आखायला तिथी पुरते.

याच हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते आणि ती फार थोडे प्रवासी लक्षात घेतात. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमीच दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. त्यामुळे उधाणाची खोल ओहोटी नेहमीच पहाटे-सकाळी पाच-सहाला आणि संध्याकाळी पाच-सहाला येते. म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी दिवसभर गुहागर, वेळणेश्वर पाहून सूर्यास्ताच्या सुमारास धोपाव्याच्या धक्क्यावर जे कुटुंब येते, ते महिन्यातील सर्वांत अवघड वेळ निवडते. उलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाण्याचा चढउतार उधाणाच्या जवळपास निम्माच असतो आणि दिवसाच्या कोणत्याही वेळी धक्क्याची स्थिती फारशी बिघडत नाही. म्हणून आपल्यासाठी नियम असा करावा: जाण्याचा दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येच्या मागे-पुढे दोन-तीन दिवसांत येत असेल, तर सकाळी नऊ ते दुपारी दोन या वेळेतच खाडी ओलांडावी, तो सप्तमी ते दशमीच्या दरम्यान येत असेल, तर वेळेची चिंता करू नये. मधल्या तिथींना पाऊणपटीने भरती काढून तिच्या आधीचे आणि नंतरचे दोन-अडीच तास धरावेत.

ओहोटीत नेमके काय बिघडते, ते सांगतो. धक्क्याचा वाहनांसाठीचा भाग हा पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार असतो. बोट त्या उताराला तोंड लावून उभी राहते आणि तिचा लोखंडी रॅम्प खाली येऊन काँक्रीटवर टेकतो. भरतीला रॅम्प उताराच्या वरच्या भागावर टेकतो. हा भाग बहुतेक वेळ कोरडा राहतो आणि त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो. ओहोटीला रॅम्प खूप खाली टेकतो, जेथे काँक्रीट दररोज कित्येक तास पाण्याखाली असते, त्यावर शेवाळ आणि चिखलाचा पातळ थर असतो आणि लाटांनी कडा झिजलेल्या असतात. गाडीला या निसरड्या भागावरून खाली जावे लागते आणि पलीकडच्या काठावर तशाच भागावरून वर चढावे लागते. चढताना गाडीचा भार मागच्या चाकांकडे सरकतो. आपल्या सेडानची ओढ मात्र, आजच्या बहुतेक सेडानप्रमाणे, पुढच्या चाकांना असते. त्यामुळे नेमकी ओढणारी चाके हलकी होऊन जागीच फिरू लागतात. अशा वेळी चालक घाबरून अधिक रेस देतो, चाके अधिक घसरतात आणि गाडी तिरकी होते.

आता सेडानच्या तळाविषयी. आपल्याकडच्या बहुतेक सेडानची जमिनीपासूनची उंची रिकाम्या गाडीला साधारण १६५ ते १७० मिलिमीटर असते. पाच माणसे आणि भरलेली डिकी असली की गाडीचा मागचा भाग बराच खाली बसतो. घासण्याची जागा दोन ठिकाणी येते. उतार खाली जातो आणि रॅम्प वर चढतो, तेथे खोलगट कोन तयार होतो आणि त्या कोनात पुढचा बंपर किंवा, गाडी मागे घेऊन चढवताना, मागचा बंपर आणि सायलेन्सर टेकतो. दुसरी जागा रॅम्प आणि बोटीचा सपाट भाग यांच्या सांध्यावर असते. तेथे उंचवटा आला तर गाडीचे पोट घासते. दोन्हींवर उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे: चालकाखेरीज सर्वांनी धक्क्यावरच उतरावे आणि शक्य असेल तर डिकीतील जड बॅगा सात आसनी गाडीत हलवाव्यात. गाडी हलकी झाली की तिची उंची परत मिळते, आणि सेडान घासण्याच्या ज्या तक्रारी मी ऐकतो त्यांतील बहुतेक भरलेल्या गाड्यांच्या असतात. भरतीच्या वेळी रिकामी सेडान येथे घासण्याचे कारण उरत नाही. सात आसनी गाडीची चिंताच नको.

चढवण्याची पद्धत अशी आहे. रांगेत असतानाच चालकाने खाली उतरून पायी उतारापर्यंत जावे आणि आपल्या आधीच्या दोन-तीन गाड्या कशा चढतात ते पाहावे. कोणती बाजू निसरडी आहे आणि रॅम्प कोठे टेकला आहे, हे डोळ्यांनी पाहिलेले असले की अर्धी भीती तेथेच जाते. पुढची गाडी पूर्णपणे बोटीवर जाईपर्यंत आपण वर सपाट जागेवरच थांबावे आणि उतारावर तिच्या मागे चिकटून उभे राहू नये, कारण उतारावर थांबून पुन्हा निघणे हेच सर्वांत अवघड काम आहे. निघाल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, चाके सरळ ठेवावीत आणि दोन्ही पुढची चाके एकाच वेळी रॅम्पवर चढतील अशा रीतीने चालण्याच्या वेगाने, न थांबता, बोटीवर जावे. क्लच अर्धा दाबून गाडी तोलत राहू नये. पुढची चाके रॅम्पवर आणि मागची काँक्रीटवर अशा स्थितीत कधीही थांबू नये, कारण बोट पाण्यावर असते, ती किंचित वर-खाली आणि मागे-पुढे होते आणि तिच्यासोबत रॅम्पही हलतो. काही बोटींना दोन्ही बाजूंना रॅम्प असतो, काहींना एकाच बाजूला. एकाच बाजूला असेल तर चढताना किंवा उतरताना गाडी मागे घ्यावी लागते. ज्यांना गाडी मागे घेण्याचा सराव कमी आहे त्यांनी हे काम कुटुंबातील अनुभवी चालकाकडे द्यावे. त्यात कमीपणा नाही.

बोटीवर खलाशी हाताने खूण करतात आणि त्याच खुणेने चालावे. मागे बसलेल्या काकांच्या, भावाच्या आणि मोबाइलमधील कॅमेऱ्याच्या सूचना त्या वेळी बंद ठेवाव्यात. खलाशी गाड्या जेथे लावायला सांगतात त्याला कारण असते. बोटीचा तळ सपाट आणि पाण्यातील खोली कमी असते. त्यामुळेच ती उथळ खाडीत चालते आणि उताराला तोंड लावू शकते. तळ रुंद असल्याने ती सहजासहजी कलत नाही, पण भार एका बाजूला गेला तर रॅम्प काठाला नीट टेकत नाही आणि बोट वळवणेही जड जाते. म्हणून ट्रक आणि बस मध्यभागी व लहान गाड्या कडेला अशी मांडणी केली जाते. गाडी लावल्यावर हँडब्रेक पूर्ण ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवावी, इंजिन आणि दिवे बंद करावेत आणि आरसे आत वळवावेत. गाडीत धक्क्याने वाजणारा चोरीचा अलार्म असेल तर तो बंद करावा, नाहीतर बोटीच्या इंजिनाच्या कंपनाने तो वाजत राहतो. दार उघडण्याइतकी जागा किमान एका बाजूला आहे ना, हे इंजिन बंद करण्यापूर्वीच पाहावे. बोट सुटण्यापूर्वी रॅम्प वर उचलून अडकवलेला आहे आणि जीवरक्षक जॅकेटे कोठे ठेवली आहेत, या दोन गोष्टी कुटुंबातील एका जाणत्या माणसाने स्वतः पाहाव्यात. रॅम्प उचलणाऱ्या दोरखंडाजवळ आणि साखळीजवळ मुलांना अजिबात जाऊ देऊ नये. मुले पाण्याकडे पाहत असतात आणि बोटे साखळीत जातात. फेरीबोटीत मला जर एकाच गोष्टीची खरी काळजी वाटत असेल, तर ती हीच आहे.

आपल्या आईंविषयी. त्यांना वरच्या मजल्यावर नेण्याचा आग्रह धरू नये. लोखंडी जिना उभा असतो आणि पायऱ्या ओल्या असतात. त्यांना धक्क्यावर सपाट जागेवरच गाडीतून उतरवावे आणि दोघांनी दोन्ही हातांना धरून, गाड्या चढण्यापूर्वी किंवा सर्व गाड्या चढल्यानंतर, सावकाश रॅम्पवरून न्यावे. गाड्या आणि पायी माणसे एकाच वेळी रॅम्पवर असू नयेत. गुडघ्यांमुळे उतार चालणे शक्यच नसेल तर त्यांना सात आसनी गाडीत पुढच्या आसनावर बसू द्यावे. ती गाडी उंच असल्याने तिला एका माणसाच्या वजनाने फरक पडत नाही. बोट सुटल्यावर काचा उघड्या ठेवाव्यात, दार मोकळे ठेवावे आणि एकाने त्यांच्याजवळ उभे राहावे. बाकीच्या सर्वांनी मात्र प्रवासात गाडीबाहेरच असावे. मळमळ होण्याचा प्रश्न येथे जवळजवळ नसतो, कारण अंतर लहान आहे आणि बोट खाडीच्या आतल्या बाजूने जाते.

मोटारसायकलकडे दुर्लक्ष होते आणि तीच अधिक वेळा आडवी होते. ओला लोखंडी पत्रा टायरला फार निसरडा असतो. पुतण्याने मागे कोणालाही न बसवता, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली सोडून सरळ रेषेत चढावे आणि पत्र्यावर पुढचा ब्रेक दाबू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर लावली तरी हात तिच्यावरच असावा आणि तिचा कल बाहेरच्या बाजूला नसावा. मागाहून कोणी स्कूटर नेणार असेल तर लक्षात ठेवावे की स्कूटरला गिअरचा आधार नसतो. तिचा ब्रेक हाताने धरून ठेवावा किंवा दोरीने आवळावा.

पाण्याच्या प्रवाहाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण मध्येच बोट तिरकी जाऊ लागली की नवखी माणसे घाबरतात. भरती-ओहोटीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने सरकत नाही. सुरुवातीला आणि शेवटी ते मंद असते आणि मधल्या दोन तासांत जवळपास निम्मे पाणी सरकते. त्या मधल्या तासांत खाडीमुखातून प्रवाह जोरात वाहतो. समोरच्या धक्क्यावर नेमके पोहोचण्यासाठी सारंग, म्हणजे बोट चालवणारा, बोटीचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला थोडे वळवून ठेवतो आणि बोट तिरकी सरकत काठाला लागते. ही त्याची नेहमीची रीत आहे. ओहोटी खोल असली की वाळूच्या दांड्याला वळसा घालून जावे लागते आणि थोडा वेळ जास्त लागतो. ओहोटीचे पाणी बाहेर जात असताना समुद्राकडून वारा आत येत असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. उन्हाळ्यात दुपारनंतर असे अधिक होते. डिसेंबरात सकाळी खाडी सहसा शांत असते, त्यामुळे या बाजूने आपल्याला अडचण दिसत नाही. पावसाळ्यात मात्र वाशिष्ठीचा पूर ओहोटीला मिळतो, पाण्यासोबत झाडांचे ओंडके वाहत येतात आणि वादळी हवामानात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बोटी थांबवल्या जातात. त्या दिवसांत घाट उतरण्यापूर्वीच धक्क्यावर दूरध्वनी करून खात्री करावी आणि नाही म्हटले तर वाद न घालता चिपळूणहून खेडचा रस्ता धरावा.

तिकिटाचे काम सोपे आहे. वाहनाचे आणि माणसांचे तिकीट वेगळे असते. ते धक्क्यावरच्या खिडकीवर बोटीत चढण्यापूर्वी काढावे आणि मोबाइलला रेंज मिळेलच असे न धरता रोख सुटे पैसे जवळ ठेवावेत. खरी अडचण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील गर्दीची आहे. नाताळ ते नववर्ष या दिवसांत रांगेत एक-दोन बोटी सोडाव्या लागतील असे धरूनच निघावे आणि तिन्ही वाहने एकाच बोटीत जातील असे गृहीत धरू नये. सेडान आणि आई असलेली गाडी आधी जाऊ द्यावी, मोटारसायकलला जागा कोठेही मिळते. वाट पाहावी लागली तरी दाभोळच्या बाजूला तो वेळ चांगला जातो. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातील मोठे बंदर होते आणि धक्क्याजवळच त्या काळातील दगडी मशीद उभी आहे. तिचा घुमट आणि मिनार पाहण्यासारखे आहेत. गावाबाहेर चंडिकादेवीचे गुहेतील मंदिर आहे. धोपाव्याच्या बाजूने येत असाल तर अंजनवेलचा गोपाळगड आणि टाळकेश्वराजवळचे दीपगृह सकाळी पाहून मग धक्क्यावर यावे. उधाणाच्या दिवशी हा क्रम भरतीच्या वेळेशी नेमका जुळतो.

शेवटच्या बोटीवर कधीही विसंबू नये. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते आणि नकाशा दाखवणारे मोबाइल ॲप खाडीवरून रेघ ओढून मोकळे होते; बोट त्या क्षणी आहे की नाही हे त्याला ठाऊक नसते. कुंभार्ली घाटात उशीर झाला आणि चिपळूणलाच अंधार पडला, तर त्या रात्री गुहागरला मुक्काम करावा आणि बोट दुसऱ्या दिवशी धरावी. घाट उतरून थकलेला चालक, गरम झालेले ब्रेक, रात्र आणि ओला उतार एकत्र आणण्याचे काहीच कारण नाही.

आपला विचार दापोलीहून खेड-चिपळूणमार्गे परतण्याचा असेल तर बोट एकदाच लागेल. एक दिवस अधिक असेल तर दापोली, हर्णै, आंजर्ले, केळशी, वेळास असे जाऊन वेश्वीला दुसरी फेरीबोट धरावी आणि बागमांडल्याला उतरून हरिहरेश्वर पाहावे. ती बोट सावित्री नदीच्या मुखातून, म्हणजे बाणकोटच्या खाडीतून जाते, आणि सावित्री उगम पावते आपल्या महाबळेश्वरला. तेथून महाड, पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर-सातारा असे वर येता येते. या सर्व खाड्यांवर पूल बांधण्याची योजना रेवस-रेड्डी सागरी महामार्गात आहे. ते पूल वाहतुकीला खुले होईपर्यंत या किनाऱ्याने जाणाऱ्याला फेरीबोटीचाच आधार आहे. वेश्वीलाही वर सांगितलेला तिथीचा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो.

परत आल्यावर एक काम लांबणीवर टाकू नये. बोटीच्या ओल्या पत्र्यावरून आणि ओहोटीच्या उतारावरून चाकांबरोबर खारे पाणी गाडीच्या तळाला लागते. बोटीतून उतरल्यावर सपाट रस्त्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून डिस्क कोरड्या कराव्यात, आणि घरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी वर घेऊन तळ, चाकांच्या आतील बाजू आणि सायलेन्सरचे जोड गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्यावेत. मोटारसायकलची साखळी धुऊन, पुसून तिला वंगण द्यावे. वरवरची चमक देणारी धुलाई येथे उपयोगाची नाही. धुणाऱ्याला गाडी खाडीवरून आली आहे असे स्पष्ट सांगावे, म्हणजे तो तळापासून सुरुवात करील.